फाटक कुठे लावणार? साप, बेडूक आणि माणसांची ये-जा

जून-जुलैत आंबोलीच्या घाटात गाड्यांची रांग लागली की दोन ठरावीक सूर ऐकू येतात. पहिला म्हणतो, पर्यटकांनी घाटाची पार वाट लावली, आता प्रवेशच बंद करा. दुसरा म्हणतो, निसर्ग काही कोणाच्या मालकीचा नाही, लोकांना पाहूच दिला नाही तर तो जपायचा कोणी आणि कशासाठी? हे सूर परस्परविरोधी वाटतात, पण दोन्हींच्या बुडाशी गृहीत एकच आहे. माणसांची ये-जा नळासारखी आहे, चावी आवळली की वन्यजीव वाचतात आणि सैल सोडली की मरतात, असे दोघेही धरून चालतात. वाद उरतो तो फक्त चावी किती फिरवायची याचा.

साप, पाली, कासवे, बेडूक आणि देवगांडुळे (गांडुळासारखे दिसणारे, पाय नसलेले उभयचर) यांच्या बाबतीत हे गृहीत उथळ आहे, असे माझे म्हणणे आहे. माणूस चार हातांवर शांत उभा राहिला म्हणून या जीवांचे सहसा फारसे बिघडत नाही. त्यांचा घात होतो तो माणसाच्या हाताने, त्याच्या गाडीच्या चाकाने, त्याच्या दिव्याने, त्याच्या बुटाला लागलेल्या चिखलाने आणि त्याने जगजाहीर केलेल्या पत्त्याने. त्यामुळे ‘किती माणसे येऊ द्यायची’ या प्रश्नाने सुरुवात करणे चुकीचे आहे. कोणत्या कृतीला, कोणत्या जागी आणि कोणत्या दिवसांत मज्जाव करायचा, हे आधी ठरवले पाहिजे. ते नीट ठरले तर इतर बहुतेक वेळी आणि बहुतेक ठिकाणी माणसांना मोकळीक देता येते. एवढेच नाही, तर तशी ती दिल्याशिवाय हे जीव टिकणार नाहीत.

१. फाटक लावायला जागाच नाही

आपल्याकडे वन्यजीव आणि पर्यटक यांचा विचार होतो तो व्याघ्रप्रकल्पाच्या चौकटीत. गाभाक्षेत्र, त्याभोवती बफर, प्रवेशद्वार, ठरावीक गाड्या, परवाना आणि सोबत गाइड अशी ती व्यवस्था आहे. वाघाला मोठे सलग जंगल लागते, ते जंगल सरकारी असते आणि त्याला वेस असते, म्हणून तिथे फाटकाला अर्थ आहे. सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांचे बिऱ्हाड मात्र पसरलेले असते रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर, देवळाच्या तळीत, समुद्राच्या पुळणीवर आणि सड्यावर.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे हे याचे ठळक उदाहरण. उन्हाळ्यात पाहिले तर नुसता करपलेला कातळ दिसतो. त्यावरच्या सुट्या दगडांखाली मात्र पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल राहते. हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस हे तिचे शास्त्रीय नाव. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून १९६३ साली तिची विज्ञानाला ओळख झाली. कोकणच्या या पट्ट्याबाहेर तिला घर नाही. अशा सड्यांचा बराच भाग खासगी किंवा सामाईक मालकीचा, सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून पडलेला. तिथे ना अभयारण्य आहे, ना वनरक्षक, ना तिकीटखिडकी. फाटक लावायचे म्हटले तरी ते कोणी आणि कुठे लावायचे?

शिवाय या जीवांचा सर्वांत मोठा वैरी पर्यटक नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार उभयचरांच्या ४१ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत हे प्रमाण २०२२च्या आढाव्यात सुमारे २१ टक्के निघाले. त्यामागची प्रमुख कारणे म्हणजे अधिवासाचा नाश, शेतीचा विस्तार, वृक्षतोड, रोगराई आणि बदलते हवामान. सड्यावर ही कारणे चिरेखाण, जेसीबीने सपाट केलेली बागायत आणि नवे रस्ते या रूपांत येतात. कुंपण घातले तर कॅमेरा घेऊन आलेला तरुण परत फिरेल, पण जेसीबी फिरणार नाही, कारण त्याच्याकडे परवानगीचा कागद असतो. ज्या सड्यावर कोणीच जात नाही, त्याच्यासाठी त्या कागदावर हरकत घ्यायलाही कोणी पुढे येत नाही. ये-जा बंद करून आपण साक्षीदार घालवतो, ही या चर्चेत सहसा हिशेबात न धरली जाणारी किंमत आहे.

२. घात नेमका कशाने होतो

ये-जा म्हणजे एकच एक गोष्ट नाही. तिची फोड केली की नियमांचे स्वरूपच बदलते.

पहिला, हात. साप-पाली शोधायला निघालेला माणूस दगड उलटतो आणि प्राणी बघून झाला की दगड टाकून पुढे जातो. यात काही बिघडले असे त्याला वाटत नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या परिसरातल्या वालुकाश्मांवर याचा नेमका अभ्यास झाला आणि २०१०मध्ये तो प्रसिद्ध झाला. दगड जागेवरून थोडासा हलला तरी त्याच्या खालच्या फटीची रुंदी आणि तापमान बदलते, आणि प्राणी ती फट टाळतात, असे त्यात दिसले. दगड पुन्हा पूर्वीच्या जागी नेमका बसवला, की ती जागा पुन्हा वापरण्याजोगी होते, असेही दिसले. या निष्कर्षाचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. नुकसान चालण्याने झालेले नव्हते, ते दगड हलवण्याने झाले होते. दहा माणसे दगडाला हात न लावता सड्यावरून गेली तर पालीला त्याचा पत्ताही लागणार नाही. एकट्याच आलेल्या उत्साही माणसाने संध्याकाळभर शंभर दगड उलटले, तर मात्र ते शंभर बिऱ्हाडे उठवल्यासारखे होईल. डोकी मोजणाऱ्या नियमात दहांचा गट दोषी ठरतो आणि हा एकटा सुटतो.

दुसरे, चाक. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात शॉनी राष्ट्रीय वनात एक कच्चा रस्ता आहे. त्याच्या एका बाजूला चुनखडीचे कडे आणि दुसऱ्या बाजूला पाणथळ. थंडीत कड्यांच्या कपारींत राहणारे साप वसंतात रस्ता ओलांडून पाण्याकडे जातात आणि शरदात परत फिरतात. १९७२पासून हा सुमारे चार किलोमीटरचा रस्ता वर्षातून दोनदा, स्थलांतराच्या दिवसांत, वाहनांना बंद होतो. पायी चालणाऱ्यांना मात्र तो तेव्हाही खुला असतो, आणि साप पाहायला लोक मुद्दाम त्याच दिवसांत येतात. सापांना हाताळायची तेवढी मनाई. म्हणजे सर्वांत नाजूक काळात माणसाला वाट मोकळी ठेवून तिथे केवळ चाक थांबवले आहे. आपल्याकडे नेमके उलटे घडते. पहिल्या पावसाच्या रात्री बेडूक रस्त्यावर उतरलेले असताना घाटातली वाहतूक धडधडत चालू असते, आणि सकाळी बेडूक बघायला आलेल्या चार विद्यार्थ्यांना अडवून संरक्षण केल्याचे समाधान मानले जाते.

तिसरा दिवा आणि चौथा बूट. निशाचर बेडकाच्या डोळ्यांना अंधाराची सवय झालेली असते. त्यावर अचानक प्रखर झोत पडला की त्याला काही काळ नीट दिसत नाही आणि त्याचे भक्ष्य शोधणे मंदावते. मादीला बोलावणाऱ्या नराचे ओरडणे थांबले तर त्या रात्रीचा विणीचा डाव हुकू शकतो. बुटाचा धोका त्याहून गंभीर, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. कायट्रिड नावाची बुरशी बेडकांच्या त्वचेवर वाढते. २०१९च्या एका आढाव्यानुसार तिने जगभरात किमान ५०१ जातींची संख्या घटवली आणि त्यांपैकी ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात. सह्याद्रीतल्या बेडकांतही ही बुरशी आढळली आहे. ओल्या चिखलातून ती एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाऊ शकते. तिच्यावरचा उपाय अगदी साधा आहे. एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जाण्याआधी बूट घासून धुवायचे आणि खडखडीत वाळवायचे, कारण कोरडेपणा तिला सोसत नाही. हा नियम पर्यटकाइतकाच संशोधकालाही लागू हवा. परवाना खिशात आहे म्हणून बुरशी वाट सोडत नाही.

पाचवा, पत्ता. आज सर्वांत दुर्लक्षित आणि बहुधा सर्वांत घातक असा प्रवेश हाच आहे. चीनमधली गोनियुरोसॉरस लुई ही देखणी गुहापाल १९९९मध्ये विज्ञानाला ज्ञात झाली. शोधनिबंधात जागा दिलेली होती, आणि हौशी प्राणीपालकांच्या बाजारासाठी तिथली पाल बघता बघता संपवली गेली. इंडोनेशियातल्या रोटी बेटावरच्या लांब मानेच्या कासवाला १९९४मध्ये स्वतंत्र जातीचे नाव मिळाले आणि तेही याच बाजाराने विनाशाच्या काठावर नेले. तिथे फाटकाने काहीही साधले नसते. पकडायला येणारा तिकीट काढून येत नाही, त्याला फक्त ठिकाण कळावे लागते. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात, हे तर अनेकांच्या गावीही नसते. निसर्गनोंदींचे काही मंच संकटग्रस्त जातींचे नेमके ठिकाण आपोआप झाकतात. ही झाकपाक म्हणजे ज्ञानाला विरोध, असे समजायचे कारण नाही. प्राणी दिसला हे सगळ्यांना सांगावे, नेमका कुठे दिसला हे मात्र ज्याला कामासाठी लागते त्यालाच सांगावे.

३. दिनदर्शिका हेच खरे कुंपण

वर्षभर सारखाच लागू असलेला नियम या जीवांना बसत नाही, कारण त्यांचे आयुष्यच मोसमी आहे. आंबोली टोड घ्या. झँथोफ्रिन टायग्रिना ही जात २००९मध्ये वर्णिली गेली, ती आंबोलीच्या परिसरापुरतीच ज्ञात आहे आणि तिची गणना अतिसंकटग्रस्तांत होते. पावसाच्या सुरुवातीला जांभ्याच्या कातळावर उथळ खळग्यांत पाणी साचते आणि त्यातच तिची वीण होते. पाऊस ओढ देऊ लागला की खळगा आटायच्या आत पिल्लांना मोठे व्हावे लागते. वरवर पाहिले तर ते कातळावरचे डबके असते, जोडा बुडेल न बुडेल एवढे. त्यात पाय पडला किंवा गाडी उभी राहिली, की त्या खळग्यातली पैदास संपली.

अशा कातळावर वर्षभर बंदी घालणे निरर्थक आहे, आणि विणीचा तो थोडा काळ तो खुला ठेवणे आत्मघातकी आहे. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात नोंदणी आणि रोजच्या पर्यटकसंख्येची मर्यादा आली, ती तिथे उपयोगीही आहे, कारण फुले आठवडेच्या आठवडे असतात आणि तुडवली जाण्याचा धोका माणसांच्या संख्येबरोबर वाढतो. टोडच्या कातळावर मात्र विणीच्या रात्री दहा माणसेही जास्तच होतात, आणि जानेवारीत पाचशे आली तरी विशेष फरक पडत नाही. म्हणून इथे आकड्याऐवजी तारखा ठरवायला हव्यात, आणि त्याही सरकारी परिपत्रकाने आधीच ठरवून चालणार नाही. पाऊस कधी लागला, खळगी कधी भरली हे पाहून त्या ठरायला हव्यात. असा निर्णय मुंबईतून होणार नाही. तो गावातच होऊ शकतो.

४. वेळास, हिरण्यकेशी आणि बत्तीस शिराळा

ही मांडणी हवेतली नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पूर्वी उकरून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२च्या सुमारास गावकऱ्यांना सोबत घेऊन तिथे घरटी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले आणि अंड्यांपेक्षा पिल्लांचे मोल गावाला जास्त वाटू लागले. इथे माणसांची संख्या वाढली आणि कासवांची राखणही वाढली. हे जमले, कारण ये-जेची शिस्त नेमक्या जागी लावली गेली. लोक दोरीच्या अलीकडे, पिल्लू पलीकडे, आणि समुद्राकडची त्याची वाट मोकळी. पिल्ले उजेडाच्या रोखाने जातात, म्हणून किनाऱ्यावर रात्री दिवे नकोत, ही खबरदारीही याच शिस्तीचा भाग आहे.

आंबोलीतच हिरण्यकेशीच्या देवळापाशी दुसरे उदाहरण आहे. तिथल्या तळीत सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या माशासाठी २०२१मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. मासा उभयचर नाही, पण कायद्याचे हे हत्यार उभयचरांसाठीही वापरता येते. देवदर्शनाला येणारी माणसे थांबवावी लागली नाहीत, मासेमारीला मज्जाव करणे पुरेसे होते.

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची गोष्ट याची दुसरी बाजू दाखवते. तिथे नागपंचमीला जिवंत नाग पकडून पुजण्याची जुनी प्रथा होती, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे उच्च न्यायालयाने तिला आवर घातला. २०२५मध्ये केंद्राने शिक्षण आणि पारंपरिक ज्ञानाच्या प्रसारासाठी २१ नाग पकडायला सशर्त परवानगी दिली. शिराळकरांच्या श्रद्धेबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. नागाबद्दल जवळीक असलेली गावे आपल्याकडे थोडीच. पण जवळीक हाताळण्यातून व्यक्त होऊ लागली की तिची किंमत प्राणी मोजतो, मग हात भक्ताचा असो, सर्पमित्राचा असो की छायाचित्रासाठी चापडा या विषारी सापाला काठीने फांदीवर बसवणाऱ्याचा. हेतू चांगला असणे हा इथे परवाना होऊ शकत नाही.

५. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की, शेवटी संख्या मोजावीच लागते. शंभर शिस्तशीर माणसेही शंभरच असतात, त्यांच्या पायांनी माती दबते आणि त्यांच्या गाड्या रस्त्यावर येतात. हे खरे आहे. संख्येला महत्त्व नाही असे मी म्हणत नाही. ती शेवटी ठरवायची गोष्ट आहे, एवढेच म्हणतो. चाके खाली थांबवली, विणीच्या रात्री वगळल्या, दगडांना हात लावणे बंद केले आणि त्यानंतरही ताण जाणवला, तर मर्यादा जरूर घालावी. पण आधी आकडा ठरवला की बाकी काही करायची गरजच उरत नाही, आणि प्रशासनाला तो आवडतो तो याचसाठी.

दुसरा आक्षेप आपल्या शिस्तीबद्दलचा. आपले लोक धबधब्याखाली बाटल्या फोडतात, ते बूट धुतील होय? या आक्षेपात एक विसंगती आहे. जो समाज साधा नियम पाळणार नाही, तो बंदी तरी कशी पाळेल? बंदी पाळतो तो मुळातच सज्जन असलेला माणूस. गोव्यात पहिल्या पावसाच्या रात्री विजेरीच्या झोतात मोठे बेडूक पकडले जातात आणि ‘जंपिंग चिकन’ म्हणून ताटात येतात. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७मध्ये थांबवली, तरी हे चोरटे खाणे चालूच आहे. त्याला आळा बसतो तो रात्री रस्त्यावर असलेल्या इतर माणसांमुळे. निर्मनुष्य जागा शिकाऱ्याच्याच सोयीची असते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पैसा आला की गावच दुकान मांडेल. पाहुण्याने पैसे मोजले म्हणजे त्याला साप दिसलाच पाहिजे, मग गाइड सकाळीच चापडा पकडून झुडपावर आणून ठेवील. वेळासलाही हा मोह उद्या होऊ शकतो. पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेव्हा त्याच्या अंगात समुद्र गाठण्यापुरती ऊर्जा असते, पाहुणे उशिरा येणार म्हणून त्याला टोपलीखाली थांबवणे म्हणजे ती ऊर्जा वाया घालवणे. यावर उपाय आहे तो मोबदल्याची रीत बदलण्याचा. गाइडची मजुरी फेरीची असावी, प्राणी दिसण्याची नसावी. बक्षिशी नको. प्राणी हलवताना आढळला तर त्या गाइडची नोंदणी रद्द व्हावी, आणि हा अधिकार गावाच्या समितीकडे असावा, कारण कोण काय करतो हे गावालाच कळते.

चौथा आक्षेप भीतीचा. लोकांना सापांच्या जवळ नेणे म्हणजे दंशाला निमंत्रण, असे म्हटले जाते. सर्पदंश हे भारतातले भीषण वास्तव आहे. २००० ते २०१९ या काळात सुमारे बारा लाख लोक त्याने दगावले असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. पण हे मृत्यू प्रामुख्याने खेड्यांतले आहेत, शेतात आणि घरात झालेल्या दंशांचे. घोणस कोणती आणि डुरक्या घोणस कोणती, मण्यार रात्री घरात का शिरते, दंशानंतर मांत्रिकाकडे वेळ का घालवायचा नाही, हे ज्याला माहीत नाही तो जास्त धोक्यात असतो. सर्पदंशाचे मृत्यू २०३०पर्यंत निम्म्यावर आणायचे, असा केंद्राचा २०२४चा राष्ट्रीय आराखडा आहे. ओळखीशिवाय ते होणार नाही, आणि सुरक्षित अंतरावरून, हात न लावता जिवंत साप पाहण्याइतकी पक्की ओळख भित्तिपत्रकातून होत नाही.

६. मग करायचे काय

या विवेचनातून निघणारी कामे मोजकी आहेत. घाटरस्त्यांच्या ज्या तुकड्यांवर बेडूक उतरतात ते आधी शोधावेत आणि पहिल्या पावसाच्या रात्री तिथली वाहतूक काही तास वळवावी किंवा रोखून सोडावी. विणीचे कातळ गावाने पाऊस पाहून बंद करावेत आणि खळगी आटली की उघडावेत. जैवविविधता कायदा २००२चा आहे, त्याखालच्या व्यवस्थापन समित्या बऱ्याच गावांत केवळ कागदावर आहेत. हंगामी बंदी, गाइडची नोंदणी आणि दुर्मीळ जातींच्या जागांची गुप्तता ही तीन कामे त्यांना नेमून द्यावीत. लोकजैवविविधता नोंदवहीत जाती सर्वांसाठी लिहाव्यात, ठिकाणे मात्र वेगळ्या पानावर कुलपात ठेवावीत. आणि सडे सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून पडले आहेत तोवर चिरेखाणीच्या प्रत्येक प्रस्तावावर ग्रामसभेत चर्चा घडवून आणावी, ती घडायची तर तो सडा पाहिलेली माणसे गावात हवीत.

यातले एकही काम फाटक बांधून होणार नाही. फाटक बांधणे सोपे आहे, त्याचे उद्घाटनही करता येते. पहिल्या पावसाच्या रात्री घाटात उभे राहून ट्रक थांबवणे अवघड आहे, आणि वनखात्याच्या, बांधकाम खात्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या माणसांना त्यासाठी एकाच रस्त्यावर यावे लागते. सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांचे रक्षण या अवघड कामावर ठरणार आहे. पर्यटकांच्या आकड्यावर वाद घालण्यात आपण जेवढे पावसाळे घालवू, तेवढ्या विणी ट्रकच्या चाकांखाली जातील.